क्रीटला दोन चिमुरडी आणि आजी-आजोबा: नऊ दिवसांचं गणित

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही स्टुटगार्टला राहता. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अजून दोनचा व्हायचाय. साताऱ्याहून आई-बाबा दोन महिन्यांसाठी आलेत आणि मुलीच्या शाळेला पेंटेकोस्टची सुट्टी आहे, म्हणजे मेअखेर ते जूनची सुरुवात. ग्रीसच्या क्रीट बेटावर नऊ दिवस. यादीत क्नोसोसचा प्राचीन राजवाडा, सामारिया घळ, बालोस आणि एलाफोनिसीचे किनारे, एक दिवस सांतोरिनी हे दुसरं बेट, शिवाय हान्या, रेथिम्नो आणि हेराक्लिओन ही शहरं. चार हॉटेलं. आई शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात. तुमचा प्रश्न असा की हे सगळं बसतंय का, आणि क्रम कसा लावावा.

बसत नाही. क्रम बदलूनही बसणार नाही. मी चौदा वर्षं लेकुरवाळ्या कुटुंबांच्या सहली आखतेय, त्यातल्या कितीतरी क्रीटच्या, आणि स्वतःच्या मुलांना घेऊन तिथे तीनदा राहिलेय. बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तासाभरात फिरून होणारी जागा येते. क्रीट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आहे आणि मध्ये दोन हजार मीटरच्या वरचे डोंगर आहेत. एलाफोनिसी नैर्ऋत्य टोकाला, क्नोसोस मधल्या भागात. नकाशावर वीतभर दिसतं ते अंतर मागच्या सीटवर दोन वर्षांच्या मुलाला घेऊन कापायचंय, हे धरून विचार करा.

दोन वर्षांच्या मुलाच्या दिवसात दोनच चांगले तुकडे असतात: सकाळी उठल्यापासून साधारण साडेअकरापर्यंत, आणि दुपारच्या झोपेनंतर पाच ते आठ. ऊन, झोप आणि भूक यांचा मधला वेळ तुम्ही प्रवासात घातलात तर संध्याकाळ जाते, आणि संध्याकाळ हाच क्रीटचा खरा वेळ. म्हणून नऊ दिवसांत चौदा तुकडे आहेत असं समजा (पहिला-शेवटचा दिवस प्रवासाचा) आणि त्यातले निम्मे मुलांच्या वाळूला द्या. उरले सात. आता यादी पाहा.

सामारिया काढून टाका. वरच्या टोकाला साधारण 1200 मीटरवरून सुरू होऊन समुद्रापर्यंत 16 किलोमीटर दगडधोंड्यांतून उतार, मध्ये परत फिरायला सोय नाही, आणि खाली पोचल्यावर बोटीने दुसऱ्या गावी जाऊन बस पकडायची. दणकट मोठी माणसंही दुसऱ्या दिवशी जिने उतरताना कण्हतात. बाबांचे गुडघे आणि कडेवरचं मूल घेऊन हा विषयच नको.

सांतोरिनीही काढा. हेराक्लिओनहून वेगवान बोटीला एका बाजूला सुमारे दोन तास लागतात, आणि वाऱ्याच्या दिवशी त्या बोटीत मुलांना काय, मोठ्यांनाही बोट लागते. तिथे पोचल्यावर बसने वर, मग गर्दीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्ल्या, बाबागाडी उचलून. जाऊन-येऊन तेरा-चौदा तासांचा दिवस होतो. मुलं मोठी झाल्यावर तीन रात्री राहायला जा, ते सुंदर ठिकाण आहे, त्याला असं घाईत उरकू नका.

बालोसचं खारकच्छ फोटोत दिसतं तसंच आहे. पण गाडीने गेलं तर शेवटचा रस्ता कच्चा (बहुतेक भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात कच्चा रस्ता धरत नाहीत) आणि गाडीतळापासून उन्हात पायऱ्या-पायऱ्यांनी खाली. उतरताना मजा येते, परत चढताना मूल झोपलेलं असतं आणि झोपलेलं मूल दुप्पट जड होतं. किसामोसहून बोट जाते, तो मार्ग बरा, पण तीही पूर्ण दिवस खाते. मी या खेपेला सोडलं असतं.

एलाफोनिसीबद्दल माझं मन दोन्हीकडे ओढतं. गुलाबी झाक असलेली वाळू (शिंपल्यांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांच्या चुऱ्यामुळे) आणि लांबवर घोट्याएवढं, गुडघ्याएवढं पाणी: लहान मुलांसाठी याहून चांगली जागा सुचवणं कठीण. पण मी खाली सुचवतेय त्या मुक्कामावरून जाऊन-येऊन चार तास आणि मधला बराच रस्ता वळणांचा. तुमच्या मुलीला गाडी लागत असेल तर नको. लागत नसेल तर सकाळी सातला निघा, नऊच्या आत पोचा आणि बारा वाजता, बसगाड्या खच्चून भरून येतात तेव्हा, तुम्ही परतीच्या वाटेवर असा. मूल गाडीत झोपेल. तिथली वाळू संरक्षित आहे, बाटलीत भरून आणायची नाही, हे मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर निघताना रडारड होते.

आता मुक्काम. चार हॉटेलं म्हणजे चार वेळा सामान बांधणं आणि चार वेळा मुलाला नव्या खोलीत झोपवणं. दोन ठेवा. पहिल्या सहा रात्री हान्या आणि रेथिम्नो यांच्या मधल्या पट्ट्यात: आल्मिरिदा, कालिवेस किंवा येओर्यूपोली. शेवटच्या दोन हेराक्लिओनच्या आसपास. आल्मिरिदाचा उपसागर लहान आणि उथळ, किनाऱ्याला लागून खाणावळी, म्हणजे बाबांना खुर्चीत बसून नातवंडं दिसत राहतात. येओर्यूपोलीची वाळू मैलोन्‌मैल आहे, पण किनारा उघडा आहे, त्याबद्दल पुढे सांगते. तिथून चारेक किलोमीटरवर कुर्नासचं तळं, क्रीटमधलं एकमेव नैसर्गिक गोड्या पाण्याचं सरोवर. पायडलच्या होड्या, बदकं, पाण्यातून डोकी काढणारी कासवं. संध्याकाळचा एक तुकडा त्याला नक्की द्या.

आपल्याकडे कोकणात समुद्रावर जायचं तर माणूस आधी भरती-ओहोटीची वेळ विचारतो. क्रीटला तो प्रश्नच नाही, पाणी जेमतेम वीतभर वर-खाली होतं. तिथे विचारायचा तो वारा. उत्तरेचा वारा सुटला की उत्तरेकडचे सगळे लांब किनारे खवळतात आणि काठाशी पाणी मागे खेचतं. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा वारा दिवसच्या दिवस असतो, तुमच्या दिवसांत तो सहसा एवढा नसतो, पण अधूनमधून येतोच. त्यामुळे रोज सकाळी हवामानात वाऱ्याची दिशा आणि बोफोर्टचा आकडा (वाऱ्याचा जोर सांगणारा) बघायची सवय ठेवा. चारच्या वर उत्तरेचा असेल तर येओर्यूपोली किंवा रेथिम्नोच्या लांब किनाऱ्यावर मुलांना पाण्यात नेऊ नका. लाल निशाण असेल तर प्रश्नच संपला.

अशा दिवसासाठी आडोशाची जागा माहीत हवी. हान्याजवळच्या आक्रोतिरी द्वीपकल्पावर, सूदाच्या खाडीच्या तोंडाशी, एक छोटा वाळूचा किनारा आहे. त्याचं नाव माराथी! आपल्या भाषेशी काही संबंध नाही, ग्रीकमध्ये 'माराथो' म्हणजे बडीशेप, मॅरेथॉन शर्यतीचं गावही त्याच शब्दाचं. पण पाटीवर ते नाव वाचून आजी-आजोबांचे चेहरे खुलतात ते बघण्यासारखं असतं, आणि प्रत्येक मराठी कुटुंब त्या पाटीखाली फोटो काढतंच. नाव बाजूला ठेवलं तरी जागा गुणाची आहे: पाणी शांत, उथळ, समोर पांढऱ्या डोंगरांची रांग, मागे मासे आणि भाज्या करणाऱ्या खाणावळी. दहाच्या आत गाडी लावायला जागा मिळते.

पाणी मात्र गार असतं. गोव्याच्या समुद्राची सवय 28 अंशांची, क्रीटचा समुद्र मेअखेरीस 20-21 अंशांचा. दोन वर्षांचं मूल दहा मिनिटांत काकडतं, ओठ निळसर होतात, आणि ते स्वतः बाहेर यायला तयार नसतं. दोघांनाही पातळ पोहण्याचा सूट घ्या, लांब बाह्यांचा. उन्हापासूनही तोच वाचवतो. टोपी मानेवर फडकं असलेली. खडकाळ जागी समुद्री साळू (काटेरी गोळ्यासारखे जीव) असतात, म्हणून पाण्यातले रबरी बूट सगळ्यांना, आजी-आजोबांनाही.

आता जे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं ते. तुम्ही निवडलेल्या चारपैकी दोन जागा खासगी पोहण्याच्या तलावाच्या बंगल्या आहेत. फोटोत बैठकीच्या खोलीचं सरकतं काचेचं दार, दारापासून चार पावलांवर पाणी, मध्ये कठडा नाही, कुंपण नाही. क्रीटमधले बरेच बंगले असेच असतात.

काही वर्षांपूर्वी मी एका कुटुंबासाठी अशीच जागा ठरवली होती. मीच फोटो पाहिले होते, मीच होकार दिला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला आजी पाणी प्यायला उठल्या तर काचेचं दार हातभर उघडं. वीस महिन्यांचा नातू कपड्यांसकट तलावाच्या काठावर उकिडवा बसून पाण्यात तरंगणारं पान हाताने ओढायचा प्रयत्न करत होता. आजींनी हाक मारली नाही, आवाजाने तो दचकेल म्हणून. अनवाणी जाऊन मागून उचलला. काहीही झालं नाही. त्या दिवशी दुपारी त्यांच्या सुनेने मला फोनवर हे सांगितलं, तेव्हा मी खुर्चीत बसले ती बराच वेळ उठले नाही. तेव्हापासून पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मी बिनकुंपणाचा तलाव घेतच नाही.

लहान मूल बुडतं तेव्हा आवाज होत नाही. ते हात मारत नाही, ओरडत नाही. आणि चार मोठी माणसं असली की धोका कमी होत नाही, वाढतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून त्या दोन बंगल्या रद्द करा आणि फाटक असलेल्या सामायिक तलावाची सदनिका घ्या, किंवा तलाव नसलेली, समुद्र आहेच. मालकाला सरळ विचारा: तलावाला कुंपण आहे का, फाटकाला कडी किती उंचीवर आहे, फोटो पाठवा. पाण्याजवळ असताना एका वेळी एकच माणूस पहाऱ्यावर, हातात फोन नाही, वीस मिनिटं. पाळी बदलताना तोंडाने म्हणायचं, "आता तू", आणि दुसऱ्याने "हो, मी" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. दंडाला बांधायचे फुगे ही खेळणी आहेत, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

हीच खबरदारी हान्याच्या जुन्या बंदरात. व्हेनिसच्या काळातला धक्का, टोकाला दीपगृह, संध्याकाळी साडेसातला दगड सोनेरी होतात. पण धक्क्याच्या कडेला कठडा नाही, फरसबंदी संपते तिथे थेट पाणी. मुलाला बाबागाडीत पट्टा लावून किंवा पाठीवरच्या झोळीत ठेवा. मुलीचा हात बोटांना नाही, मनगटाला धरा.

गाडीचं गणित तुम्ही केलेलं नाही असं दिसतं. तुम्ही सहाजण, त्यात दोन बालआसनं. पाच आसनांची गाडी चालणार नाही. सात आसनी घेतलीत तर तिसरी रांग उघडल्यावर मागे एका बॅगेपुरतीही जागा उरत नाही. नऊ आसनी व्हॅन तुमच्या साध्या परवान्यावर चालते, पण गावातल्या गल्ल्यांत ती वळवणं जिवावर येतं. माझा सल्ला: विमानतळावरून मुक्कामी आणि परत व्हॅन टॅक्सीने जा, बालआसनं आधी मागून, आणि मध्ये तीन-चार दिवसच दोन लहान गाड्या. दुसरी गाडी तुमच्यापैकी कोण चालवणार ते आधी ठरवा, दोघांचीही नावं करारात हवीत. ऑटोमॅटिक गाड्या कमी असतात, आत्ताच सांगून ठेवा. उत्तर किनाऱ्याच्या महामार्गावर लोक कडेच्या पट्टीवर अर्धे सरकून मागच्याला वाट देतात, तुमच्या मागे कोणी चिकटलं तर बिचकू नका, वेग वाढवू नका, पट्टी मोकळी दिसली तर थोडं उजवीकडे व्हा. रात्री शक्यतो चालवू नका.

आई-बाबांचा व्हिसा जर्मनीचा आहे आणि मुख्य मुक्कामही जर्मनीतच, त्यामुळे ग्रीसला वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र बरोबर हवा, आणि त्यांचा वैद्यकीय विमा सगळ्या शेंगेन देशांत चालतो हे कागदावर वाचून घ्या. तुमच्या चौघांच्या जर्मन विमाकार्डाच्या मागची युरोपीय बाजू तिथल्या सरकारी दवाखान्यात चालते. तातडीला 112. औषधाचं दुकान हिरव्या फुलीने ओळखायचं.

आईंच्या जेवणाची काळजी तुम्ही दोनदा लिहिलीत. खरं तर शाकाहारी माणसासाठी युरोपात याहून सोपी जागा कमी. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपासाचे दिवस इतके आहेत की बिनमांसाचं, बिनदुधाचं जेवण तिथे परकं नाही. त्याला 'निस्तीसिमो' म्हणतात, हा शब्द आईंना पाठ करून द्या, फक्त त्यात कोळंबी-शिंपले चालतात, तेवढं विचारायचं. 'लादेरा' म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या: फरसबी, भेंडी, वांगी-बटाटे. 'फावा' हे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कांदा आणि तेल. चाटून बघून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, फोडणी तेवढी राहिली. 'गेमिस्ता' म्हणजे भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, पण कधी त्यात खिमा असतो, विचारून घ्या. आणि एक ठिकाण जिथे आपले लोक हमखास फसतात: क्रीटचा 'पिलाफी'. पांढराशुभ्र, मऊ, लिंबू पिळलेला भात, वर काहीच नाही. मुलं आनंदाने खातात. तो बोकडाच्या किंवा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असतो.

मुलांसाठी स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. तांदूळ, मसूर आणि अप्रतिम दाट दही कुठल्याही दुकानात मिळतं, मेतकूट तुमच्या घरी असेलच. मऊ भात, दही, मेतकूट, काकडी: दुपारी बारा वाजता एवढं पोटात गेलं की मूल झोपतं. आणि दुपारी तीन ते साडेपाच ग्रीसमध्ये उन्हाळ्यात शांततेची वेळ पाळतात, शेजारीही वामकुक्षीत असतात. तुम्हीही झोपा.

उठून सहाला खाणावळीत जा. ग्रीक माणसं नऊला जेवतात, पण किनाऱ्यावरच्या जागा दिवसभर चालू असतात, आणि सहाला चुलीवरची भांडी नुकतीच भरलेली असतात. मुलं चौकात धावतात, कुणी रागावत नाही. आल्मिरिदाच्या एका खाणावळीत मालकाच्या आईने माझ्या धाकट्याचा गाल ओढला, "मोरो मू" (माझं बाळ) म्हणाली, आणि लगेच त्याच्या बाजूला तीनदा "फ्तू फ्तू फ्तू" केलं. मी चमकले. माझ्या सासूबाई मात्र हसून म्हणाल्या, "अगं, दृष्ट लागू नये म्हणून." दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मग त्या बाईने गळ्यातला निळा डोळा दाखवला, सासूबाईंनी मुलाच्या कानामागची काजळाची तीट दाखवली, आणि जेवण संपल्यावर बिलात नसलेला मधाचा केक आला. जेवणानंतर असं काही गोड आणि छोट्या पेल्यात राकी (तिथली द्राक्षांची कडक दारू) फुकट देण्याची तिथे रीत आहे.

एक गोष्ट लाजेपायी सांगायची राहायला नको. जुन्या नळव्यवस्थेमुळे तिथे संडासात कागद टाकत नाहीत, बाजूच्या डब्यात टाकतात, आणि पाण्याची नळी नसते. एक प्लास्टिकचा मग बॅगेत टाका, आई-बाबांचे नऊ दिवस सुखात जातील.

रेथिम्नोला एक संध्याकाळ जा. जुन्या गल्ल्या सपाट आहेत, बाबांना चालता येईल, वरचा किल्ला मात्र त्यांनी खालूनच बघावा. पूर्वेकडच्या लांब किनाऱ्यावर या दिवसांत कारेत्ता कारेत्ता जातीच्या समुद्री कासविणी रात्री अंडी घालायला येतात, स्वयंसेवक घरट्यांभोवती छोटे सांगाडे उभे करतात. तो सांगाडा मुलीला दाखवा, हात न लावता. पाच वर्षांच्या मुलीला यातून जे कळतं ते तिच्या मनात राहतं. एखाद्या फार तापलेल्या दिवशी रेथिम्नोच्या आतल्या बाजूला आर्यिरूपोलीचे झरे आहेत, डोंगरातून फुटणारं पाणी, चिनारांच्या सावलीत खाणावळी. तिथे बाबा तीन तास उठणार नाहीत.

क्नोसोस ठेवा, पण शेवटच्या मुक्कामात, सकाळी आठला दार उघडताच. तिथे सावली जवळजवळ नाही. दीड तास पुरे. आर्थर एव्हान्सने 1900 मध्ये खोदायला घेतलेला हा राजवाडा पाच वर्षांच्या मुलीसाठी नुसते दगड आहेत, जोवर तिला गोष्ट माहीत नाही. म्हणून आठवडाभर रोज रात्री थोडी थोडी सांगा: राजा मिनोस, भुलभुलैयात कोंडलेला बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर, आणि राजकन्या आरिआद्नेने त्याला मारायला आलेल्या थेसियसला वाट सापडावी म्हणून दिलेला दोऱ्याचा गुंडा. आम्ही लोकरीचा एक लाल गुंडा नेला होता. माझ्या लेकीने तो संपूर्ण दीड तास मुठीत धरला होता, सोडला नाही, कारण "हरवलो तर लागेल". दुपारच्या झोपेनंतर गुर्नेसचं मत्स्यालय, हेराक्लिओनपासून साधारण 15 किलोमीटर. शार्क बघून दोन वर्षांचा मुलगाही काचेला नाक लावून बसतो. तुमची मुलं फार थकली असतील तर क्नोसोस सोडा आणि मत्स्यालय ठेवा. तुमच्यापैकी एकाने बाबांना घेऊन हेराक्लिओनच्या वस्तुसंग्रहालयात जावं, बैलावरून उडी मारणाऱ्याचं भित्तिचित्र आणि फेस्तोसची प्राचीन मातीची तबकडी तिथे आहे, लिफ्टही आहे.

या आठवड्यात तीन कामं करा: दोन बंगल्या रद्द, बालआसनांसह व्हॅन, आणि आल्मिरिदात तळमजल्याची किंवा लिफ्ट असलेली जागा. आणि तुमचं विमान किती वाजता उतरतं ते मला कळवा. सुट्टीतली बरीच विमानं रात्री उशिरा पोचतात. दहाच्या पुढे उतरत असेल तर पहिली रात्र विमानतळाजवळच काढू आणि सकाळी नाश्ता करून निघू.